ग्रेच्या पुस्तकातला दुसरा माणूस

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात ‘ग्रेज अ‍ॅनॅटमी’ विकत घेणारी मुलं आता कमी झाली असतील; पण ते नाव कानावर न पडलेला डॉक्टर शोधून सापडायचा नाही. हेन्री ग्रे या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १८५८ मध्ये हे पुस्तक काढलं आणि तीनच वर्षांनी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो देवीच्या रोगाने गेला. त्या पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रं होती आणि ती काढणारा हात एकच होता, हेन्री व्हॅनडाइक कार्टर या विशीतल्या तरुणाचा. पुस्तक लंडनमध्ये विक्रीला आलं तेव्हा तो तिथे नव्हताच. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भरती होऊन तो मुंबईला आला होता आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होता. मधल्या रजा सोडल्या तर पुढची तीस वर्षं तो याच इलाख्यात राहिला. त्यातली नऊ-एक वर्षं साताऱ्यात गेली.

या माणसाचं मराठीतलं चरित्र तुमच्या हातात आहे. प्रस्तावना लिहायला मी लगेच होकार दिला, पण हस्तलिखित वाचताना एक प्रश्न सारखा डोक्यात होता. मुंबई, सातारा, दख्खनचा दुष्काळ, अनवाणी शेतकऱ्याचा पाय, महारोगी, हिवताप... ज्या माणसाचं सगळं काम आपल्या अंगणात झालं, तो आपल्याकडे इतका अनोळखी कसा राहिला?

माझ्यापुरतं उत्तर असं आहे. उष्ण कटिबंधातल्या रोगांचा इतिहास आपण शोधांच्या तारखांनी लक्षात ठेवतो. रोनाल्ड रॉस म्हटलं की २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद, डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीच्या काळपट कणांच्या पेशी. रॉसही इंडियन मेडिकल सर्व्हिसमधलाच, कार्टरनंतरच्या पिढीतला. त्याच्याकडे एक दिवस आहे, शाळेच्या पुस्तकात छापता येईल असा. कार्टरकडे तसा दिवस नाही. तो एकेका रोगापाशी गेला, बारकाईने पाहिलं, चित्र काढलं, वर्णन लिहिलं, किती माणसांना आहे ते मोजलं आणि जिथे दिसणं संपलं तिथे थांबला. पुढचं पाऊल दर वेळी दुसऱ्या कुणीतरी टाकलं. अशा माणसाचं चरित्र लिहिणं अवघड, कारण टाळ्यांची जागाच येत नाही. लेखिकांनी ती ओढून ताणून आणलेली नाही, हा या पुस्तकाचा मला दिसलेला पहिला गुण.

कार्टर मूळचा चित्रकारांच्या घरातला. जन्म हल गावचा, २२ मे १८३१. वडील हेन्री बार्लो कार्टर जलरंगात समुद्र रंगवायचे. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी स्कार्बरोच्या किनाऱ्यावर काढला. भाऊही चित्रकार. हा मात्र सोळाव्या-सतराव्या वर्षी लंडनला वैद्यकी शिकायला गेला. सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिक्षण झालं, मग रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये रिचर्ड ओवेन आणि जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली शिष्यवृत्तीवर काम. क्वेकेट हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं. इंग्लंडातल्या सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या उस्तादांपैकी ते एक. पुढे मुंबईत कार्टरला जे दिसलं ते दिसायला लागणारी नजर इथे तयार झाली.

ग्रेच्या पुस्तकाची चित्रं म्हणजे काय काम होतं, ते थोडं सांगायला हवं. तेव्हा चित्र कागदावर काढून चालत नसे. बॉक्सवुडच्या गुळगुळीत ठोकळ्यावर पेन्सिलने काढायचं, आणि तेही उलटं. म्हणजे छापल्यावर डावा हात डावीकडे यावा म्हणून ठोकळ्यावर तो उजवीकडे. मग बटरवर्थ आणि हीथ यांच्या कारखान्यातले कारागीर पेन्सिलीच्या दोन रेघांमधलं लाकूड कोरून काढायचे. टेबलावर शव, शेजारी ठोकळा, आणि शव फार दिवस टिकत नाही याचं भान सतत. त्यात कार्टरने आणखी एक गोष्ट केली. त्याआधीच्या बहुतेक पुस्तकांत रक्तवाहिनीवर एक बारीक अक्षर किंवा आकडा असायचा आणि तो काय ते पाहायला समासात किंवा तळटिपेत जावं लागायचं. कार्टरने नावं थेट अवयवावर लिहिली, रोहिणी वळेल तशी तिच्या अंगाने वळत जाणारी. विद्यार्थ्याची नजर चित्रावरून हलायची गरजच उरली नाही. शरीरशास्त्राची पुस्तकं आजही साधारण याच वाटेने जातात. मी स्वतः जन्मभर मुलांना विकृतिशास्त्र शिकवलं. नाव आणि वस्तू यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकं ते डोक्यात बसतं, हे वर्गात पुन्हा पुन्हा दिसायचं.

मोबदला? ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळायचे होते. कार्टरला एकदाच, सगळे मिळून १५० पौंड. शिवाय शीर्षकपानाचं मुद्रित आलं तेव्हा ग्रेने कार्टरच्या नावाचा टाइप लहान करायला लावला. लेखिकांनी हा प्रसंग दीड पानात उरकला आहे आणि ग्रेला खलपुरुष केलेलं नाही. बरं केलं. कार्टरची तरुणपणातली डायरी लंडनच्या वेलकम ग्रंथालयात आहे. तिच्यातला माणूस स्वतःवरच इतका नाराज असायचा की ग्रेवर रागवायला त्याच्यापाशी फारसं काही शिल्लक राहत नसावं.

आता कार्टरसारख्यांना लावल्या जाणाऱ्या ‘सैनिकी डॉक्टर’ या शब्दांकडे येऊ, कारण त्यांनी वाचकाची दिशाभूल होऊ शकते. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही लष्करी सेवा होती. दर्जा लष्करी, बढत्या लष्करी, गणवेश लष्करी, आणि युद्ध पेटलं की रेजिमेंटकडे हजर होण्याची बांधिलकी. पण तिच्यातले कितीतरी अधिकारी आयुष्यभर मुलकी कामावर असत. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन, तुरुंगाचा डॉक्टर, वैद्यकीय महाविद्यालयातला प्राध्यापक, देवी टोचणाऱ्यांचा वरिष्ठ, ही सगळी कामं याच सेवेतली माणसं करत. सरकारला त्यात दुहेरी सोय होती. शांततेच्या काळात जिल्हा सांभाळायला डॉक्टर, आणि गरज पडली की पलटणीसाठी राखीव फौज तयार. १८५५ पासून प्रवेश स्पर्धा परीक्षेने सुरू झाला, आणि त्याच वर्षी सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती हा बंगाली डॉक्टर ती परीक्षा देऊन आत आला. आपल्याकडचे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर याच सेवेत लेफ्टनंट कर्नल झाले. वनौषधींवरचा त्यांचा आणि मेजर बामनदास बसू यांचा ग्रंथ आजही ग्रंथालयांतून वापरात आहे, आणि १९०९ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. लष्करी डॉक्टर आणि साहित्य संमेलनाचा अध्यक्ष एकच, ही गोष्ट आजच्या संमेलनवाल्यांना सांगून पाहावी.

तर या सेवेत कार्टर १८५८ मध्ये आला. १८५७ चं बंड अजून पुरतं विझलं नव्हतं, तात्या टोपे मध्य हिंदुस्थानात इंग्रजांना झुलवत होते. कार्टरच्या वाट्याला मात्र शवागार आणि वर्ग आला. ग्रँट कॉलेज सुरू होऊन जेमतेम तेरा वर्षं झाली होती. पहिल्या तुकडीचे भाऊ दाजी लाड शहरात नावारूपाला आले होते. शेजारच्या जे.जे. रुग्णालयात कोकणातून, देशावरून, काठेवाडातून रोगी येत. आणि त्यांच्यात कार्टरला तो पाय दिसला.

हा पाय जवळून पाहण्यासारखा आहे. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याला बाभळीचा काटा लागतो, तो विसरूनही जातो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथे एक टणक गाठ येते. दुखत फारसं नाही, म्हणून तो कामावर जातच राहतो. मग पाऊल फुगतं, तळव्याची कमान भरून येते, बोटं वर उचलली जातात आणि कातडीवर छोटी छोटी तोंडं पडतात. त्या तोंडांतून पू येतो आणि पुवाबरोबर दाणे. काहींत काळे, काहींत पांढुरके-पिवळट, क्वचित लाल. काळे दाणे चिमटीत धरले तर बंदुकीच्या दारूच्या भरड कणांसारखे लागतात. आत हाडं पोखरून निघालेली असतात. तेव्हा उपाय एकच, पाय कापणं. मद्रास इलाख्यातल्या डॉक्टरांनी हा रोग १८४० च्या दशकातच नोंदवला होता आणि मदुरा गावावरून त्याला नाव पडलं होतं. पण कशामुळे होतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. हाडांचा क्षय म्हणावा की आणखी काही, यातच गाडी अडलेली.

कार्टरने कापलेले पाय घेतले, ते उभे चिरले, दाणे धुऊन वेगळे केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्याला तंतू दिसले. ही बुरशी आहे, असं त्याने १८६० च्या सुमारास मुंबईच्या वैद्यकीय मंडळापुढे मांडलं, आणि ‘मायसेटोमा’ हे नाव त्याचंच. काळ्या दाण्यांचा प्रकार वेगळा आणि फिकट दाण्यांचा वेगळा, हेही त्याने तेव्हाच नोंदवून ठेवलं. पुढे एक गंमत झाली. त्याने पाठवलेल्या नमुन्यावर उगवलेल्या एका बुरशीला बर्कली या इंग्रज कवकतज्ज्ञाने कार्टरचंच नाव दिलं, आणि ती बुरशी रोगाची नव्हे, नंतर बाहेरून येऊन बसलेली ठरली. शास्त्रात असा मान कुणाच्याही वाट्याला येऊ नये! पण दाण्यांची ती वाटणी मात्र टिकली. काळ्यांमागे खरी बुरशी, फिकटांमागे बहुतेक वेळा बुरशीसारखे वाढणारे जिवाणू, हे विसाव्या शतकाच्या तोंडाशी स्पष्ट झालं. आज एकाला प्रतिजैविकं लागू पडतात आणि दुसऱ्याला बुरशीनाशक औषधं व शस्त्रक्रिया. म्हणजे दाण्याचा रंग पाहणं ही अजूनही उपचाराची पहिली पायरी आहे. आमच्या विकृतिशास्त्राच्या संग्रहालयात एका बरणीत असं पाऊल होतं. मुलं त्याच्यापुढून नाक मुरडून पुढे जात. मी त्यांना परत बोलावून विचारायचो, दाणे कोणत्या रंगाचे? बरणीवरच्या चिठ्ठीत उत्तर नसे, वाकून पाहावं लागे. जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं ते २०१६ मध्ये. कार्टरच्या निबंधानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

१८६३ मध्ये कार्टर साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून गेला. बोरघाटातली रेल्वे त्याच वर्षी पुरी झाली होती, म्हणजे मुंबईहून पुण्यापर्यंत गाडी सलग. पुढे मात्र कात्रज आणि खंबाटकी चढूनच जायचं. संस्थान खालसा होऊन पंधरा वर्षं झाली होती. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही, कुणाशी बोलावं असा समानधर्मी नाही. संशोधकाला जिल्ह्यात पाठवणं म्हणजे शिक्षा, असं पुष्कळांना वाटेल. मला हे प्रकरण सगळ्यांत मोलाचं वाटलं ते नेमकं उलट कारणाने. रुग्णालयात माणूस रोग घेऊन तुमच्याकडे येतो. जिल्ह्यात तुम्हाला रोग जिथे राहतो तिथे जावं लागतं. एका गावात महारोगी जास्त का आणि शेजारच्या गावात कमी का, हा प्रश्न जे.जे.च्या खाटेशेजारी बसून सुचत नाही. कार्टरला तो सुचला, आणि इलाख्यातल्या महारोग्यांच्या सरकारी नोंदी घेऊन तो वय, जात, जिल्हा असे आकडे मांडत बसला. रोगाचा भूगोल तयार करायचा ही ओढ त्याला नंतर सुटली नाही. लेखिकांनी साताऱ्याला पन्नास पानं दिली आहेत. मी शंभर दिली असती.

यानंतर येतो दुष्काळ. १८७६ साली दख्खनवर पाऊस फिरकला नाही. सोलापूर, सातारा, पुणे, नगर... माणसं गुरं सोडून निघाली. सरकारी कामावर दिवसाला एक पौंड धान्य आणि थोडे पैसे अशी, रिचर्ड टेंपल या सरकारी अधिकाऱ्याच्या नावाने कुप्रसिद्ध झालेली मजुरी सुरू झाली. त्यात कष्टकरी माणसाचं पोट भरेना. हजारोंनी मुंबई गाठली. आणि १८७७ मध्ये शहरातल्या दवाखान्यांत एक ताप दिसू लागला.

हा ताप विचित्र वागतो. अंग थरथरून एकदम चढतो, पाच-सात दिवस उतरत नाही, कावीळ होते, माणूस बरळतो. मग एका रात्रीत दरदरून घाम फुटून उतरतो, इतका झटकन की कधी कधी त्या उतारातच रोगी दगावतो. जगला तर आठवडाभर तो धडधाकट दिसतो. घरचे देवाला नारळ फोडतात. आणि ताप परत येतो. हिवतापाच्या देशात असे ताप ‘रेमिटंट’ (चढउतारी) म्हणून वहीत चढवून मोकळं होणं सोपं होतं, आणि बरेच डॉक्टर तेच करत होते. कार्टरने रक्ताचा थेंब काचेवर घेतला. रंग वगैरे लावायची सोय तेव्हा नव्हती. ताजं रक्त, वर पातळ काच, आणि भिंगातून टक लावून पाहणं. लाल पेशी शांत पडलेल्या असतात. त्यातली एखादी अकारण हलते, दचकल्यासारखी. मग शेजारची. धक्का देणारा दिसतच नाही, इतका तो बारीक. डोळा सरावला की एक पीळदार धागा दिसतो, वळवळत पेशींमधून वाट काढणारा. बर्लिनच्या ओबरमायर या डॉक्टरने हाच जंतू काही वर्षांपूर्वी पाहिला होता. मुंबईतल्या तापाचा जंतू तोच, हे कार्टरने दाखवलं. आणि त्याहून पुढे जाऊन, ताप चढताना धागे केव्हा दिसतात, उतरताना कधी नाहीसे होतात, परत येण्याआधी कधी उगवतात, याची रोजनिशीच मांडली. माकडांना रक्त टोचून ताप आणून दाखवला. शवविच्छेदन करता करता त्याला स्वतःलाही हा ताप झाला. या सगळ्यातून १८८२ मध्ये ‘स्पिरिलम फीव्हर’ हा जाडजूड ग्रंथ आला. तापाच्या इथल्या जंतूला पुढे त्याचंच नाव लागलं, आणि या वेळी ते खोटं ठरलं नाही.

पण हा जंतू एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? गर्दी, भूक, घाण यांच्याशी संबंध आहे एवढं कार्टरने पाहिलं. वाहक त्याला सापडला नाही. तो सापडला १९०७ मध्ये, नाशिकला, याच सेवेतल्या फ्रेडरिक पर्सिव्हल मॅकीला. तिथल्या एका मिशनच्या वसाहतीत साथ आली. मुलांमध्ये खूप, मुलींमध्ये कमी. एकच आवार, एकच अन्न, मग फरक कशाने? मॅकीने कपडे तपासले. मुलांच्या कपड्यांत अंगावरच्या उवा भरपूर, मुलींच्या कपड्यांत कमी; आणि मुलांच्या उवांच्या पोटात कार्टरचे धागे. दुष्काळातली माणसं एकाच फाटक्या वस्त्रावर महिनोन्महिने काढतात, रात्री एकमेकांना बिलगून झोपतात. अंग खाजवताना ऊ चिरडली जाते आणि तिच्यातला जंतू खरचटलेल्या कातडीतून आत जातो. १८७७ च्या मुंबईत हेच चाललं होतं. कार्टरने ज्या रोग्यांच्या रक्ताची रोज तपासणी केली, त्यांच्या अंगावरचे कपडे हातभर अंतरावर होते. हे वाचताना हळहळ वाटते. पण किडा रोग वाहून नेऊ शकतो, ही कल्पनाच तेव्हा उंबरठ्यावर होती. पॅट्रिक मॅन्सन या ब्रिटिश डॉक्टरने चीनमध्ये डासात हत्तीरोगाचे जंतू वाढताना पाहिले तेही त्याच १८७७ च्या सुमाराला.

हिवतापाची गोष्टही अशीच. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान याने ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात हिवतापाचा परजीवी रक्तात पाहिला. जगाने बराच काळ विश्वास ठेवला नाही. मुंबईत कार्टरने १८८७ च्या सुमारास शोध घेतला, त्याला ते परजीवी दिसले, आणि हिंदुस्थानातल्या लष्करी डॉक्टरांच्या शास्त्रीय निबंधमालेत त्याने ते प्रसिद्धही केले. त्यानंतर काही वर्षांनीही रॉस मात्र लाव्हरान चुकला असंच लिहीत होता! १८९४ मध्ये लंडनला मॅन्सनने भिंगाखाली दाखवलं तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. एकाच सेवेतल्या दोन इलाख्यांमध्ये ज्ञान जायला किती वेळ लागायचा, याचा हा नमुना. कार्टर १८८८ मध्ये निवृत्त होऊन स्कार्बरोला परत गेला, उतारवयात पुन्हा लग्न केलं, मुलं झाली. ४ मे १८९७ रोजी क्षयाने तो वारला. सिकंदराबादचा तो डास रॉसने त्यानंतर साडेतीन महिन्यांनी चिरला.

पुस्तकात एक उणीव आहे आणि ती लेखिकांनी स्वतःच मान्य केली आहे. कार्टरच्या पाठीमागची माणसं आपल्याला नीट दिसत नाहीत. काचपट्ट्या पुसणारे, माकडं सांभाळणारे, रोग्याशी मराठीत बोलून त्याची हकीगत डॉक्टरला सांगणारे हॉस्पिटल असिस्टंट. रोगी तर आणखीच दूर. रॉसच्या कागदांत निदान हुसेन खान हे नाव आहे, एका डासाला एक आणा घेऊन चावून घेणारा माणूस म्हणून. दुष्काळातून आलेल्या ज्या माणसांचं रक्त कार्टरने दिवसातून दोन-दोनदा तपासलं, त्यांना त्याबद्दल काय वाटत होतं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असेल तर लिहिलं नाही. वाचकाने ग्रंथातले तक्ते पाहताना हे ध्यानात ठेवावं, असं लेखिकांचं म्हणणं आहे आणि मला ते पूर्ण पटतं.

न पटणारं एक प्रकरण आहे, ते महारोगाचं. मुंबईच्या पहिल्या वर्षांतच कार्टरने महारोग्यांच्या मज्जातंतूंचं विच्छेदन करून ते कसे जाड होतात हे दाखवलं होतं. रोग आनुवंशिक आहे, असं त्याचं तेव्हाचं मत. भाऊ दाजी याच काळात कवठीच्या तेलाने महारोग्यांवर उपचार करत होते. मग १८७३ मध्ये कार्टर नॉर्वेला गेला. तिथे रोग्यांची राष्ट्रीय नोंदवही होती, बेर्गेनमध्ये खास रुग्णालयं होती, आणि हान्सेन या तिथल्या डॉक्टरने नुकताच रोग्यांच्या गाठींत जंतू पाहिला होता. कार्टरने मत बदललं. रोग संसर्गाने पसरतो, रोग्यांना वेगळं ठेवायला हवं, हिंदुस्थानात आश्रम काढायला हवेत, असं तो सरकारला सांगू लागला. पुराव्यापुढे मत बदलणारा संशोधक म्हणून लेखिका इथे त्याचं मनापासून कौतुक करतात.

मत बदललं ते ठीकच. पण नॉर्वेत जे चाललं ते हिंदुस्थानात तसंच उचलून आणता येईल, हा विश्वास कुठून आला? नॉर्वेत रोगी होते काही हजार, आणि तिथे त्यांच्यासाठी आधीच खाटा होत्या. इथे खाटा नव्हत्या, औषध नव्हतं, आणि रोग्याला गावाबाहेर घालवायला गाव आधीपासूनच तयार होतं. १८९० मध्ये मुंबईत म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थने माटुंग्याला महारोग्यांचं आश्रयस्थान काढलं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारा ॲक्वर्थ तो हाच. १८९८ मध्ये महारोग्यांचा कायदा झाला, आणि भीक मागणाऱ्या रोग्याला पकडून डांबण्याची मुभा सरकारला मिळाली. कार्टरने हा कायदा लिहिला नाही, तो झाला तेव्हा तो हयातही नव्हता. पण वेगळं ठेवण्याला शास्त्राचा शिक्का मिळवून देणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होऊ लागल्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तेव्हा कुठे तो कायदा संसदेने रद्द केला, २०१६ मध्ये, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलं ते २०१९ पर्यंत.

लेखिकांचं म्हणणं, त्या काळी दुसरा मार्ग दिसत नव्हता. माझं म्हणणं, आकडे मांडणाऱ्या माणसाला इथले आकडेच सांगत होते की एवढ्या लोकांना कोंडता येणार नाही, आणि तरी त्याने ते सुचवलं. यावर आमची फोनवर बरीच खडाजंगी झाली. त्यांनी प्रकरण बदललं नाही. मीही हा मजकूर बदललेला नाही. ते प्रकरण सातवं आहे, आणि नॉर्वेच्या अहवालातले आणि मुंबई इलाख्यातले तक्ते त्यात समोरासमोरच्या पानांवर छापले आहेत.